संध्याकाळी सातनंतर काय?

प्रश्न : ताई, मी वीस वर्षांचा आहे. बडोद्याच्या दांडिया बाजारात राहतो, कॉम्प्युटर सायन्सच्या तिसऱ्या वर्षाला आहे. पुढच्या वर्षी एक सत्र परदेशातल्या विद्यापीठात करायची संधी आहे. यादीत तीन नावं आहेत : स्वीडनमधलं उप्साला, नेदरलँड्समधलं ग्रोनिंगन आणि जर्मनीतलं ट्युबिंगन. विषय तिन्हीकडे जुळतात, क्रेडिट तिन्हीकडचे धरणार आहेत. बाबांना सांगितलंय की रँकिंग बघून ठरवतोय. तुम्हाला खरं सांगतो. मला मित्र हवेत, आणि जमलं तर एखादी मैत्रीण. आजवर कुणा मुलीबरोबर साधी कॉफी प्यायला गेलेलो नाही. फतेगंजला वर्गातल्या मुलीबरोबर सेव-उसळ खात उभा राहिलो, तरी मी घरी पोचायच्या आत आईला बातमी लागलेली असते. दोस्त म्हणतात, 'स्वीडन घे, तिकडे सगळं मोकळं.' मला भीती वाटते की पाच महिने खोलीत बसून मॅगी खाऊन परत येईन. कुठे जाऊ? आणि असल्या गोष्टी बघून ठिकाण निवडणं चूक आहे का?
— एक वाचक, दांडिया बाजार

उत्तर : चूक अजिबात नाही. बाबांना रँकिंगचं सांगितलंस तेही ठीक. सगळीच कारणं घरात मांडायची नसतात. तिन्हीकडे अभ्यास बरा होणार असेल, तर उरलेला दिवस कसा जाईल हे बघूनच ठरवावं. परक्या गावात एकटा पडलेला मुलगा अभ्यासही धड करत नाही.

हे मी ऐकीव सांगत नाही. नोकरीची बरीच वर्षं वसतिगृहांच्या ऑफिसात गेली. तिथे परदेशी मुलं यायची, पुष्कळशी आयसीसीआर या भारत सरकारच्या संस्थेच्या शिष्यवृत्तीवर. आफ्रिकेतली, नेपाळची, अफगाणिस्तानातली. म्हणजे तू जे करायला निघालास ते मी दुसऱ्या टोकाकडून पाहिलंय. कोण रमलं आणि कोण कुढत राहिलं, याचा रूपाशी, पैशाशी किंवा देशाशी मला फारसा संबंध दिसला नाही. जुलैत आलेली आणि मेसमध्ये जेवणारी पोरं नवरात्रापर्यंत कुठल्या ना कुठल्या टोळक्यात शिरलेली असायची. नऊ रात्री त्याच मैदानात, गरब्याच्या त्याच फेरात, तीच तोंडं. चौथ्या-पाचव्या रात्री कुणीतरी पाणी विचारायचंच. जानेवारीत येणाऱ्यांचं नशीब उत्तरायणावर, म्हणजे संक्रांतीच्या पतंगांवर असायचं. कुणी गच्चीवर बोलावलं, हातात फिरकी दिली आणि 'काप्यो छे' ओरडायला लावलं, की त्या पोराला पुढे उंधियू-जिलबी खायला घरं मिळालीच समज. उलट, अलकापुरीकडे स्वतंत्र फ्लॅट घेऊन राहणारी देखणी, हुशार मुलं दिवाळीच्या सुटीत ऑफिसात येऊन विचारायची, 'मॅडम, लायब्ररी कधी उघडणार?'

तेव्हा दोस्तांचं ऐकून देश निवडू नकोस. समाज मोकळा असला म्हणजे तिथली मुलगी तुझ्यासाठी मोकळी बसलेली नसते. तिला 'नाही' म्हणायची मोकळीक असते, आणि ती ते सरळ, राग न धरता म्हणते. तुझ्या हातात महिने पाचच. एवढ्यात ओळख वाढायची तर तीच माणसं, काही न ठरवता, आठवड्यातून दोन-तीनदा समोर यायला हवीत. म्हणून मी तुझ्या जागी असते तर तिन्ही विद्यापीठांना पत्र लिहून असं विचारलं असतं : राहायची जागा तुम्ही देता का? स्वयंपाकघर किती जणांत आणि कुणाबरोबर? खोलीपासून वर्गापर्यंत सायकलने जाता येतं का? आणि संध्याकाळी सातनंतर विद्यार्थी जातात कुठे?

उप्सालाचं उत्तर या बाबतीत सगळ्यांत चांगलं आहे. तिथे 'नेशन' नावाच्या तेरा विद्यार्थी-संस्था आहेत. सतराव्या शतकात एकेका प्रांतातून आलेल्या विद्यार्थ्यांनी आपापली मंडळं काढली, तीच ही. आपल्याकडे परगावी गेलेला मराठी माणूस आधी महाराष्ट्र मंडळ शोधतो, त्यातलाच प्रकार. आता कोणीही विद्यार्थी कुठल्याही नेशनचा सभासद होऊ शकतो, परदेशी विद्यार्थीसुद्धा. स्वस्त जेवण, पब, गायनमंडळ, नाटक, वाद्यवृंद, खेळ, सगळं तिथेच, आणि चालवणारे विद्यार्थीच. माझं ऐकशील तर पहिल्याच आठवड्यात सभासद हो आणि लगेच स्वयंपाकघरात किंवा काउंटरमागे कामाची पाळी मागून घे. कारेलीबागेतला एक मुलगा तिथून आला तेव्हा सांगत होता, पबमध्ये ग्लास धरून उभं राहिल्यावर त्याच्याशी कुणी बोललं नाही. आत कांदे चिरायला बसला त्या दिवसापासून बोलायला लागले. स्वीडिश माणूस आपण होऊन बोलत नाही. बसस्टॉपवरसुद्धा दोन हात लांब उभा राहतो. पण काम सोबत करत असेल तर बोलतो, आणि एकदा बोलायला लागला की गप्पिष्ट निघतो.

राहण्याची सोयही बोलकी आहे. 'कॉरिडॉर'मध्ये स्वतःची खोली आणि मजल्यावरच्या सगळ्यांत मिळून एक स्वयंपाकघर. यात मुलं-मुली दोघंही असतात. फ्लॉग्स्टा नावाच्या विद्यार्थी-वस्तीत तर रात्री दहा वाजता खिडक्या उघडून सगळे जोरात ओरडतात, अशी जुनी रीत आहे. अर्ज करताना 'स्वयंपाकघर असलेली स्वतंत्र खोली' असा पर्याय दिसेल. तो चुकूनही घेऊ नकोस. तुझी मॅगी तिथेच शिजेल.

सत्र मात्र बघून घे. ऑगस्टच्या शेवटी सुरू होणारं सत्र गजबजलेलं असतं, स्वागताचे कार्यक्रम भरपूर. पण पुढे अंधार वाढत जातो. डिसेंबरात उप्सालाला दुपारी तीनच्या आधी सूर्य मावळतो. बडोद्याच्या उन्हात वाढलेल्या माणसाला हे सोसेलच असं नाही, आणि नेमकं ओळखी पक्क्या व्हायच्या वेळी सगळे आपापल्या खोलीत शिरतात. जानेवारीच्या मध्यावर सुरू होऊन जूनच्या सुरुवातीला संपणारं सत्र उलटं चालतं. पहिला महिना जड जाईल, मग रोज थोडा उजेड वाढेल, आणि ३० एप्रिलला 'वालबोरी' हा वसंताच्या स्वागताचा सण येईल. त्या दिवशी सकाळी विद्यार्थी स्वतः बनवलेले तराफे घेऊन फ्युरिस नदीत उतरतात आणि सगळं गाव काठावर असतं. तोवर एखाद्या तराफ्याच्या टोळीत तुला जागा मिळालेली असावी, हे ध्येय ठेव. शिवाय हे सत्र आपल्या दुसऱ्या सत्राशी बऱ्यापैकी जुळतं, म्हणजे इथली परीक्षा दोनदा देण्याची भानगड नाही.

ट्युबिंगन मला स्वतःला आवडतं, हे लपवत नाही. गंमत म्हणजे उप्साला आणि ट्युबिंगन ही दोन्ही विद्यापीठं एकाच साली, १४७७मध्ये, सुरू झाली. गाव लहान, नव्वद हजारांच्या आसपास वस्ती, आणि त्यात पंचवीस हजारांहून जास्त विद्यार्थी. संध्याकाळी नेकार नदीच्या भिंतीवर पाय सोडून बसलेली पोरं बघितली की आपल्या सुरसागर तलावाची पाळ आठवते, फरक एवढाच की तिथे घरी कळवणारे काका नसतात. उन्हाळ्यात लांबट, चपट्या होड्या बांबूसारख्या काठीने ढकलत नेतात. एकेका होडीत पंधरा-वीस जण. विद्यापीठाचे खेळाचे वर्ग अगदी थोड्या फीमध्ये असतात. नाच, क्लाइंबिंग, व्हॉलीबॉल. दर आठवड्याला तोच वार, तीच वेळ, तीच माणसं. भाषेची जोडी लावून देतात : तू त्याला इंग्रजी किंवा हिंदी शिकव, तो तुला जर्मन. परवडणारी आणि सरळ ओळख. वसतिगृहातही मजल्यावर सामायिक स्वयंपाकघर असतं.

अडचण वेळापत्रकाची. तिथलं उन्हाळी सत्र एप्रिलच्या मध्यापासून जुलैच्या शेवटापर्यंत शिकवतं, हिवाळी ऑक्टोबरच्या मध्यापासून फेब्रुवारीपर्यंत. दोन्ही आपल्या परीक्षांवर आडवी पडतात. तुझ्या परीक्षा विभागाने लेखी मान्यता दिली तरच विचार कर. तोंडी 'थई जशे'वर (होऊन जाईल) विमानाचं तिकीट काढू नये. दुसरं, जर्मन व्हिसासाठी खर्चाचे पैसे आधीच बंद खात्यात ठेवावे लागतात. सप्टेंबर २०२४ पासून हा आकडा महिन्याला ९९२ युरो आहे. तेवढे अडकवायची घरची तयारी आहे का, ते बाबांना विचार. हा प्रश्न रँकिंगमध्ये बसतो.

ग्रोनिंगनबद्दल थोडक्यात. सपाट गाव, सगळे सायकलवर, जवळजवळ दर चौथा माणूस विद्यार्थी; रात्री घरी परतायची चिंता नाही. डच मुलं-मुली स्पष्ट बोलतात, हे तुझ्यासारख्या संकोची मुलाला सोयीचं. पण खोल्यांचा दुष्काळ भयंकर आहे. २०१८च्या सप्टेंबरात खोली न मिळालेल्या परदेशी विद्यार्थ्यांसाठी तिथे तंबू ठोकावे लागले होते. विद्यापीठामार्फत मिळालेल्या खोलीचा करार हातात आला तर जा. इंटरनेटवर फोटो बघून अनामत भरू नकोस, ते फसवणुकीचं मोठं दुकान आहे.

तर माझं मत : जानेवारीचं उप्साला, कॉरिडॉरमधली खोली. परीक्षा विभागाने हो म्हटलं तर एप्रिलचं ट्युबिंगन.

आता कॉफीबद्दल. स्वीडनमध्ये कॉफी आणि दालचिनीचा गोड पाव घेत बसण्याला 'फिका' म्हणतात. वर्गातले, कामावरचे, आजी-नातू, सगळेच फिका करतात. त्यामुळे 'शनिवारी फिका घ्यायची का?' हे विचारणं अगदी हलकं असतं. त्यातून पुढे काही झालं तर झालं, नाही तर कॉफी प्यायलात. बिल ज्याचं त्याने द्यायचं. तू तिचे पैसे भरायला धावलास तर ती खूश होण्यापेक्षा बुचकळ्यात पडेल. ती म्हणाली 'या शनिवारी नाही जमणार' आणि दुसरा वार सुचवला नाही, तर विषय संपला. पुन्हा विचारायचं नाही, 'का' विचारायचं नाही, आणि दुसऱ्या दिवशी स्वयंपाकघरात नेहमीसारखं 'हाय' म्हणायचं. हे शेवटचं जमलं तर कॉरिडॉरमध्ये तुझी पत वाढेल.

गोष्ट पुढे गेली तर काय, हेही आईच्या वयाच्या बाईने लिहिलेलं बरं. स्वीडनमध्ये १ जुलै २०१८ पासून कायदा असा आहे की शरीरसंबंधात दोघांचा सहभाग स्वेच्छेचा असायला हवा. गप्प राहणं, विरोध न करणं म्हणजे होकार नव्हे. झोपलेल्या किंवा दारूने भान गेलेल्या व्यक्तीचा होकार होऊच शकत नाही. शंका आली की विचारायचं; विचारल्याने रसभंग होतो हे सिनेमावाल्यांचं म्हणणं. निरोध तिथे किराणा दुकानातसुद्धा मिळतात, आणि घेताना तुझ्याकडे कुणी वळून बघत नाही.

दारूचंही सांगून टाकते, कारण आपण दारूबंदीच्या राज्यातले. तिथे पबमध्ये अठराव्या वर्षी चालतं, पण कडक दारूची बाटली घरी न्यायची तर बहुतेक सरकारी दुकानातून आणि वीस पूर्ण झाल्यावर. प्यावं की नाही हा तुझा प्रश्न. पहिला घोट मात्र ज्या दिवशी कुणाला काही महत्त्वाचं बोलायचंय त्या दिवशी नको. आपली मर्यादा कुठे आहे हे तुला अजून माहीत नाही.

डेटिंग ॲपवर फार भिस्त ठेवू नकोस. परत आलेली आपली मुलं एकमुखाने सांगतात की तिथे तासन्‌तास बोट फिरवून उत्तरं फारच थोडी येतात, आणि मग माणूस स्वतःलाच कमी लेखायला लागतो. रात्री डाळ फोडणीला टाकलीस तर निदान पाच जण वास घेत स्वयंपाकघरात येतील. मात्र ती डाळ पाच भारतीय मुलांनी मिळून रोज खायची नाही! हा सापळा मोठा गोड असतो. आपली भाषा, आपलं जेवण, रविवारी क्रिकेट, आणि जूनमध्ये पाचही जण एकमेकांचेच फोटो घेऊन परत. आठवड्यातली एक संध्याकाळ त्यांना दे, बाकीच्या राखून ठेव. आणि हो, तिथेही बडोद्याचा कुणीतरी निघतोच. आईला बातमी लागायचा धोका पूर्ण टळलाय असं समजू नकोस.


प्रश्न : मी मांजलपूरला राहते, चित्रकलेच्या शेवटून दुसऱ्या वर्षाला आहे. एका सत्रासाठी जपानमधलं क्योटो आणि स्पेनमधलं ग्रानादा यांतून एक निवडायचंय. जपानी भाषा दोन वर्षं शिकतेय, थोडंफार बोलता येतं. स्पॅनिशचा गंधही नाही. मी शाकाहारी आहे, पीत नाही, पुढेही पिणार नाही. पार्ट्यांमध्ये जीव घुसमटतो, गर्दीत तोंडातून शब्द फुटत नाही. मैत्रिणी म्हणतात, प्रेमात पडायचं असेल तर स्पेन, जपानमध्ये जाऊन काय माशांशी बोलणार? ताई, हसू नका, पण प्रेमात पडायला मला आवडेल.
— एक वाचक, मांजलपूर

उत्तर : हसले नाही. मैत्रिणींना मात्र माझ्याकडे पाठवून दे.

ग्रानादा सुंदर आहे यात वाद नाही. विद्यापीठ १५३१चं, विद्यार्थ्यांच्या देवाणघेवाणीच्या एरास्मस योजनेतून येणारे विद्यार्थी घेण्यात युरोपात कायम पुढे. चित्रकलेच्या मुलीला अल्हाम्ब्रा या जुन्या राजवाड्याच्या भिंतींसमोर बसून वही भरता येईल. तिथे बारमध्ये पेयाबरोबर छोटी बशी फुकट येते, आणि पेय म्हणून साधा सोडा मागितला तरी येते. (त्या बशीत बऱ्याचदा डुकराचं मांस किंवा टूना असतो, आधी सांगावं लागतं.) पण तिथली मैत्री जमते ती रात्री दहानंतर, चौकात, दहा-बारा जणांच्या गोंगाटात, सगळे एकदम बोलत असताना, आणि स्पॅनिशमध्ये. भेटल्यावर दोन्ही गालांना गाल लावतात. त्यात कौतुक नसतं, तो नमस्कार आहे. गप्पांच्या धबधब्यात उभं राहायला ज्यांना आवडतं त्यांच्यासाठी हे शहर आहे. तू लिहिलेलं वाचून मला तू तशी वाटत नाहीस.

क्योटोत विद्यार्थ्यांची 'सर्कल' असतात. सुलेखन, चहाविधी, डोंगर चढणं, छायाचित्रण, वाद्यं. ठरलेल्या वारी भेटायचं आणि हाताने काहीतरी करायचं. ज्यांना गर्दीत बोलता येत नाही त्यांना शेजारी बसून शाई घोटताना बोलता येतं. जपानचं शैक्षणिक वर्ष एप्रिलमध्ये सुरू होतं आणि सर्कल नवे सभासद घेण्याची धामधूम तेव्हाच करतात. रस्त्यात उभं राहून पत्रकं वाटतात, ओढून नेतात. शरदातल्या सत्राला गेलीस तर गट आधीच जमलेले असतील. म्हणून एप्रिल साध.

प्रेमाचंही तिथे तुझ्या स्वभावाला मानवणारं आहे. थोडं फिरणं झालं की एक जण स्पष्ट शब्दांत सांगतो, 'तू मला आवडतेस, आपण जोडी होऊ या का?' समोरून हो आलं की त्या दिवसापासून ते दोघं जोडी. जपानीत याला 'कोकुहाकु' म्हणतात. 'आपलं नक्की काय चाललंय' या विचारात मुली झुरतात, त्यातून बऱ्याच अंशी सुटका. मुलीनेही विचारलं तर चालतं. शब्द आधी पाठ करून ठेव.

दोन गोष्टी सांभाळ. जेवणात जवळजवळ सगळीकडे 'दाशी' म्हणजे माशाचा अर्क असतो, अगदी साध्या दिसणाऱ्या सूपमध्येही. देवळांतलं शाकाहारी जेवण उत्तम, पण रोज परवडणारं नाही. कुकर घेऊन जा. दुसरं, परदेशी विद्यार्थ्यांच्या वसतिगृहात राहून फक्त परदेश्यांतच वावरण्याचा मोह होतो. दोन वर्षांची जपानी मग वाया जाईल. न पिण्याची चिंता सोड. तिथे वयाची अठरा वर्षं पूर्ण झाली की २०२२ पासून माणूस सज्ञान धरतात, पण दारूसाठी वीसच लागतात, त्यामुळे सर्कलच्या जेवणात ऊलाँग चहा घेऊन बसणारी मुलं-मुली असतातच. आणि पाण्याच्या बाटलीवर मध्यरात्रीपर्यंत नाचायची सवय बडोद्याच्या मुलीला कुणी शिकवायची?


प्रश्न : माझी मुलगी फेब्रुवारीत सहा महिन्यांसाठी ग्रोनिंगनला निघाली आहे. खोलीचा करार आलाय. त्यात स्वयंपाकघर आणि न्हाणीघर मुलामुलींत सामायिक आहे असं लिहिलंय. ह्यांना अजून सांगितलेलं नाही. तिला म्हटलंय, रोज रात्री साडेनऊला व्हिडिओ कॉल करायचाच. तेवढ्याने पुरेल का?
— एक आई, रावपुरा

उत्तर : खोलीचा करार आलाय हीच त्या गावातली मोठी गोष्ट, तो हातचा जाऊ देऊ नका. सामायिक म्हणजे एकाच वेळी नव्हे; न्हाणीघराला आतून कडी असते आणि तिच्या खोलीला तिचं कुलूप. न्हाणीघर किती जणांत आहे तेवढं लिहून विचारा. फक्त मुलींचा मजला हवा असेल तर तेही विचारता येतं, पण आधी मुलीला तो हवा आहे का ते बघा. तिच्याकडे ११२ हा आणीबाणीचा क्रमांक आणि विमा असल्याची खात्री करा.

साडेनऊचा कॉल मात्र बदला. आपले रात्रीचे साडेनऊ म्हणजे फेब्रुवारीत तिथे संध्याकाळचे पाच, आणि मार्चअखेर घड्याळं पुढे गेली की सहा. डच घरात सहाला जेवतात. म्हणजे सगळी पोरं स्वयंपाकघरात जमून भाज्या चिरत असतील तेव्हा तुमची मुलगी खोलीचं दार लावून फोनवर, आणि तेही रोज. महिनाभरात तिला कुणी जेवायला हाक मारणार नाही. आठवड्यातून दोनदा, आपल्या दुपारी दीड-दोनला बोला. तिथे सकाळ असते, ती एकटी चहा पीत असेल. निवांत बोलेल, आणि तुम्ही न विचारता जास्त सांगेल. कुणी आवडलंय असं सांगितलं तर लगेच आडनाव विचारू नका. पुढच्या फोनला ती सांगणार असलेलंही गिळून टाकेल.

ह्यांना तुम्हीच सांगा, आणि ती निघायच्या आधी. पहिल्याच व्हिडिओ कॉलवर मागे कुणी उघडाबंब डच मुलगा अंडी तळताना दिसला, तर मग समजावणं फार लांबेल.